जुनी घरं, जुनी माणसं (भाग 7) : चांदोरचा एकच जिना

मागच्या भागात विदर्भातल्या कारंज्याच्या कस्तुरीच्या हवेलीपाशी होतो. आज तिथून थेट गोव्यात, सासष्टी तालुक्यातल्या चांदोरला जायचं आहे. या गावाचं जुनं नाव चंद्रपूर. आपलं कोळशाचं चंद्रपूर नव्हे. हे कुशावती नदीकाठचं, एकेकाळी भोजांची आणि पुढे कदंबांची राजधानी असलेलं.

आपल्याकडची गढी घ्या की देशमुखांचा वाडा, तो रस्त्याकडे पाठ करून बसतो. पांढऱ्या मातीची हातभर रुंद भिंत, एक मोठा दरवाजा आणि त्यात वाकून शिरायची दिंडी. उजेड पाहिजे तर आत चौकात या. चांदोरच्या चर्चजवळचं ब्रागांझांचं घर याच्या नेमकं उलट. रस्त्याच्या अंगाला खिडक्याच खिडक्या, मोजताना आकडा चुकावा इतक्या. राहणं वरच्या मजल्यावर, खाली कोठारं आणि नोकरमाणसं. पोर्तुगालातल्या खेड्यांत सरदार-जमीनदारांच्या अशा घराला ‘सोलार’ म्हणतात, थाट तिथलाच. पण गोव्यातल्या अशा बहुतेक घरांत दिवाणखाना ओलांडून मागे गेलात की आपला चौक भेटतोच. धर्म बदलला, आडनाव बदललं, चौक मात्र कुणाला मोडवला नाही.

खिडक्यांचं जरा सांगतो. गोव्यातल्या जुन्या खिडक्यांना काच नसे, शिंपले असत. तळहाताएवढा, चपटा, पातळ शिंपला कडेने कापून चौकोनी करायचा आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवायचा. आतून पाहिलं तर भर दुपारीही दुधात पाणी घातल्यासारखा उजेड. बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. म्हणजे घराने तोंड रस्त्याकडे केलं खरं, पण पदर सोडला नाही.

चांदोरच्या घराचा काही भाग 17व्या शतकातला. पुढे पिढ्यांनी वाढवत नेलं आणि शेवटी वाटण्या झाल्या. तेवढ्यापुरतं ते अगदी आपलंच घर! पूर्वेचा भाग ब्रागांझा परेरांचा, पश्चिमेचा मिनेझिस ब्रागांझांचा. पूर्वेकडे नाचाचं दालन आहे. खाली इटलीचा संगमरवर, वर रंगवलेलं छत, झुंबरं आणि पोर्तुगालचा राजा दोम लुईश याने दिलेल्या उंच पाठीच्या दोन खुर्च्या. या बाजूच्या खाजगी देवघरात सेंट झेवियरचं म्हणून एक नख जपलेलं आहे.

पश्चिमेकडे पुस्तकं. ती जमवणाऱ्यांत मुख्य लुईश द मिनेझिस ब्रागांझा (1878-1938). 1900 साली ‘ओ हेराल्दो’ हे गोव्यातलं पहिलं पोर्तुगीज दैनिक निघालं, त्याच्या संस्थापकांत ते होते. लेखणी पोर्तुगीज, रोख पोर्तुगीज राजवटीवर. 1930 मध्ये पोर्तुगालचा मंत्री सालाझार याने वसाहतींना लिस्बनच्या मुठीत आवळणारा ‘आक्तु कोलोनियाल’ हा कायदा आणला. त्या जुलैत पणजीच्या कौन्सिलात ब्रागांझांनी ठराव मांडला, की आपलं भवितव्य ठरवायचा हक्क इथल्या लोकांनी सोडलेला नाही. जहागिरीच्या सुखात वाढलेला हा माणूस, आणि गप्प बसला असता तरी त्याचं काही बिघडत नव्हतं. गोवा मुक्त झाल्यावर 1963 मध्ये पणजीच्या ‘इन्स्टिट्यूट वास्को द गामा’चं नाव बदलून त्यांचं नाव दिलं. वास्को द गामाच्या जागी चांदोरचा माणूस, हे मला फार आवडतं.

दोन्ही घरांना जिना एकच. वर आलात की राजाच्या खुर्च्यांसाठी एका अंगाला वळायचं, त्या पुस्तकांसाठी दुसऱ्या. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी आधी खुर्च्यांकडे वळलो होतो.