चलच्चित्रांची कात्री आणि घरची ठेव

लग्नसराई आटोपून मृगाचे वेध लागले, म्हणजे जळगांव-धुळ्याकडील कांहीं सुशिक्षित घरांत अलीकडे एक नवाच प्रश्न उभा राहतो. मुलगा पदवीधर झालेला असतो, हंगामभर कोणाच्या तरी हाताखालीं राहून त्यानें लग्नांचे व्हिडिओ जोडण्याचें काम केलेलें असतें, आणि आतां तो वडिलांस म्हणतो, "बाबा, अडीच लाखांचें यंत्र घेऊन द्या, म्हणजे मी स्वतःचा उद्योग काढतों." वडिलांची मुदतठेव बहुधा तेवढीच असते. एकदोन घरांतून आम्हांस या बाबतींत सल्ला विचारण्यांत आला. तेव्हां "काळाबरोबर चला" असें कांहींतरी बोलून मोकळें होण्यापेक्षां, त्या यंत्रांत पैसा नेमका कोठें जातो व मोबदल्यांत काय मिळतें, हें पाहावें असें आम्हांस वाटलें.

संकलनाचें काम मुळांत कात्रीचें. दादासाहेब फाळके 1912 सालीं लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. फिल्मच्या कडांना छिद्रें पाडण्याचें व ती धुण्याचें काम सरस्वतीबाईंनीं स्वतःच्या हातांनीं केलें, आणि 1913 मध्यें 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. (साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच करीत, या गोष्टीचें महत्त्व इतिहासकारांपेक्षां आमच्या वाचकभगिनींना अधिक लवकर पटेल.) त्या काळीं कात्री स्वस्त व फिल्म महाग होती. आज उलट झालें आहे: चित्र घेणें जवळजवळ फुकट, आणि खर्च सगळा कात्रीचा. तथापि तीही स्वस्तच होत आली आहे. रंगसंस्काराचा दाविंची नांवाचा संच एके काळीं दोन लाख डॉलरांच्या पुढें विकला जात असे. ती कंपनी 2009 मध्यें ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीनें घेतली. पुढल्याच वर्षीं त्यांतील सॉफ्टवेअर 995 डॉलरांस मिळूं लागलें, आणि 2011 मध्यें त्याची एक आवृत्ति विनामूल्य झाली. आज अनेक मुलें घरच्या संगणकावर जें 'रिझॉल्व्ह' चालवितात, तें हेंच.

धुळ्याहून आग्रा रस्त्यानें मालेगांव सुमारें पन्नास किलोमीटर. तेथील नासिर शेख यांनीं 2000 सालीं 'मालेगांव के शोले' हा चित्रपट केला तो सुमारें पन्नास हजार रुपयांत, आणि जोडला तो व्हीसीआर यंत्रांवर. एका यंत्रावर टेप चालवावयाची, दुसऱ्यावर हवा तेवढा भाग उतरून घ्यावयाचा. प्रत्येक उताऱ्यागणिक चित्र थोडें मळतें, आणि मध्येंच चूक निघाली तर तेथून पुढचें सगळें पुन्हां. फैजा अहमद खान यांचा 2008 चा माहितीपट व रीमा कागती यांचा 2024 चा चित्रपट यांमुळें ही मंडळी जगाला ठाऊक झाली. वडीलधारे हा दाखला हटकून देतात. पण तो अर्धाच लागू पडतो. नासिर शेखांना आपल्या गांवास हसवावयाचें होतें. लग्नघरचा यजमान चित्राचा दर्जा विचारतो, आणि पंधरा दिवसांत व्हिडिओ हातीं मागतो.

आतां हिशेब. कॅमेरा सेकंदास 100 मेगाबिट या वेगानें नोंद करीत असेल, तर तासाला 45 गिगाबाइट होतात. तीन कॅमेरे आठ आठ तास चालले, तर एका लग्नाचे 1080 गिगाबाइट. परंतु यंत्र दमतें तें एवढ्या साठ्यामुळें नव्हे. जागा वाचावी म्हणून कॅमेरा प्रत्येक चित्र पूर्ण लिहीतच नाहीं. ठराविक अंतरानें एक चित्र पूर्ण, आणि मधल्या चित्रांचा केवळ फरक लिहून ठेवतो. जमाखर्चाच्या वहींत शिल्लक एकदां लिहून पुढें नुसत्या नोंदी कराव्या, तसें. मधल्या एखाद्या क्षणावर बोट ठेवलें कीं मागील शिल्लक शोधून सारी बेरीज पुन्हां करावी लागते, आणि तीही तीन वह्यांची एकदम. या उकलीसाठीं वेगळें अंग ज्या यंत्रांत आहे, तें सहज पळतें. ज्यांत नाहीं, तें महाग असूनही अडखळतें.

येथेंच दुकानदाराचा व आमचा मतभेद आहे. दुकानदार आधीं ग्राफिक्स कार्ड दाखवितो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स 5070 या कार्डाची भारतांतील किंमत 2025 च्या आरंभीं सुमारें 59,000 रुपयांपासून जाहीर झाली. त्याआधीं 2024 च्या नोव्हेंबरांत निघालेल्या ॲपलच्या एम4 मॅक मिनीची किंमत होती 59,900. म्हणजे पडदा व कळफलक सोडून, एका कार्डाच्या मोलांत सबंध संगणक, आणि त्यांत उकलीचें अंग आहे. इंटेलच्या प्रोसेसरांत तेंच अंग 2011 पासून क्विक सिंक या नांवानें आहे. मात्र ज्याच्या नांवाअखेर 'एफ' आहे तो प्रोसेसर स्वस्त पडतो तो याच अंगावांचून, हें दुकानांत कोणी आपण होऊन सांगत नाहीं. शिवाय लग्नाचे चांगले कॅमेरे 4:2:2 या ज्या पद्धतीनें रंग नोंदवितात, ती 5000 मालिकेपूर्वींच्या एनव्हिडिया कार्डांना स्वतः उकलतां येतच नसे.

कार्ड निरुपयोगी असें मात्र नव्हे. रात्रीच्या वरातीच्या चित्रांतील कण घालविणें, संथगति, रंगांचे अनेक थर, येथें मोठें कार्ड मिनीला मागें टाकतें. मिनीची 16 गिगाबाइट रॅम मागाहून वाढवितां येत नाहीं. आंतील साठा 256, म्हणजे एका लग्नाचा पाव हिस्साही नाहीं. जुळवून घेतलेल्या संगणकांत रॅम पुढें घालतां येते, पण 2025 च्या अखेरीस रॅमच्या किंमती जगभर अशा चढल्या कीं "पुढें घालूं" म्हणणाऱ्यांस पस्तावा झाला.

खानदेशाचा एक खर्च मुंबईच्या कोष्टकांत सांपडत नाहीं. लग्नें एप्रिल-मेंत, आणि त्याच वेळीं जळगांव-भुसावळचा पारा 44-45 अंशांवर. यंत्र तापलें कीं तें स्वतःचा वेग आपोआप कमी करतें. 5070 सारखें एक कार्डच 250 वॅटपर्यंत वीज ओढतें, व तितकीच उष्णता खोलींत सोडतें. वाळ्याच्या कूलरची ओलसर हवा सरळ यंत्रावर सोडणारेही आम्हीं पाहिले आहेत. त्यांत वीज गेली कीं रात्रभराचें काम पुन्हां पहिल्यापासून, म्हणून यूपीएसचा खर्च मूळ किंमतींतच धरावा.

जळगांवच्या सराफ्यांत कस पाहिल्यावांचून सोनें कोणी घेत नाहीं. आम्हीं एका घरीं एवढेंच सुचविलें कीं मुलानें आपल्याच कॅमेऱ्याचीं कार्डें घेऊन दुकानांत जावें, तिन्ही चित्रें एकदम लावून पाहावीं, आणि जुन्या यंत्रावर प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, करूनही पाहावें. त्यानें तसें केलें. प्रतींवर जुनें यंत्र संकलनापुरतें चालतें असें दिसून आलें. फक्त शेवटचा व्हिडिओ तयार व्हावयास रात्र लागते. अडीच लाखांऐवजीं त्यानें तूर्त दोन मोठ्या डिस्क व एक यूपीएस घेतला. ठेव अद्याप बँकेंत आहे. तुळशीच्या लग्नानंतर कामें किती येतात तें पाहून ती मोडावयाची कीं नाहीं, हें बापलेक ठरविणार आहेत.