विश्लेषण : गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी घरी काय मोजावे?

अभ्यासासाठी घेतलेल्या संगणकावर नवे गेम अडखळू लागले, की घरात ग्राफिक्स कार्डचा विषय निघतो. खटाव तालुक्यातील औंधमधून अशी खरेदी करायची, तर सातारा, कराड किंवा थेट पुणे गाठावे लागते, नाहीतर ऑनलाइन मागवावे लागते. कार्ड बसले नाही, तर फेरी आणि पैसे दोन्ही अडकतात. त्यामुळे चार गोष्टी घरीच पाहून ठेवलेल्या बऱ्या.

आधी मॉनिटर का पाहायचा?

पडद्यावरचा प्रत्येक ठिपका कार्डला दर सेकंदाला अनेकदा रंगवावा लागतो. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, १४४० पी मध्ये ३६.९ लाख, तर ४ के मध्ये ८२.९ लाख. म्हणजे ४ के साठी काम चौपट. शिवाय मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असेल, तर तो सेकंदाला ६० चित्रेच दाखवतो. अशा पडद्यासाठी सर्वांत महाग कार्ड घेण्यात अर्थ नाही.

मेमरी किती हवी?

नुसत्या नावावरून अंदाज बांधू नये. आरटीएक्स ३०६० हे १२ जीबी मेमरीसह आले, त्यानंतरचे आरटीएक्स ४०६० हे ८ जीबीसह. नवे कार्ड एकूण वेगवान आहे. पण मेमरी अपुरी पडल्यास गेम मध्येच झटके देतो. आरटीएक्स ५०६० टीआय तर ८ आणि १६ जीबी अशा दोन्ही रूपांत मिळते. त्यामुळे बिलावर मेमरीचा आकडा लिहून घ्यावा. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेमसाठी ८ जीबी पुरते. मोठे नवे गेम पुढची काही वर्षे खेळायचे असतील, तर १२ किंवा १६ जीबी बरे.

वीजपुरवठ्याचे काय?

इथेच जास्त फसगत होते. आरटीएक्स ४०६० साधारण ११५ वॅट घेते आणि त्यासाठी किमान ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवला जातो. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर विसंबू नये. त्याच्या लेबलवरील वॅट आणि ६ किंवा ८ पिनच्या जोडण्या तपासाव्यात. यूपीएसचाही हिशोब करा : ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅट भार पेलतो. मोठे कार्ड लावले आणि ऐन खेळात वीज गेली, तर संगणक तिथेच बंद पडू शकतो.

जुने कार्ड घ्यावे का?

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग थांबले आणि त्यासाठी दिवसरात्र चाललेली अनेक कार्डे जुन्या बाजारात आली. जुने कार्ड घ्यायचेच, तर अर्धा तास गेम चालवून तापमान, पंख्यांचा आवाज आणि पडद्यावरील रेषा पाहाव्यात. मूळ बिल आणि भारतातील वॉरंटी नसेल, तर किंमत त्या हिशोबाने कमी करून मागावी.

दुकानात जाताना काय न्यावे?

मॉनिटरचे रिझोल्यूशन व हर्ट्‌झ, एसएमपीएसचे वॅट, मदरबोर्डचे मॉडेल आणि कॅबिनेटमधील मोकळी लांबी मिलिमीटरमध्ये, एवढे कागदावर लिहून न्यावे. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता कार्डला लावावी. नाहीतर नवे कार्ड बसवूनही गेम पूर्वीसारखेच अडखळतील.