वारीतला खेळ

खेळ म्हणजे पोरांचे काम, असे आपल्याकडे मानतात. लग्न झाले, संसार मागे लागला, की खेळ सुटतो. पन्नाशीचा माणूस उड्या मारताना दिसला तर लोक म्हणतात, "काय हो, म्हातारपणी चळ लागला काय?" पण आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, आषाढीच्या वारीत, साठ-सत्तर वर्षांची माणसे उघड्या माळावर फुगड्या घालतात. त्यांना कोणी हसत नाही. उलट लोक त्यांच्या पाया पडतात. हे कसे, ते पाहू.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते. धर्मपुरीपाशी ती आपल्या जिल्ह्यात शिरते. पुढे माळशिरस तालुक्यात, सदाशिवनगरजवळ, गोल रिंगण होते. मैदानात मधोमध पालखी ठेवतात. भोवती दिंड्या उभ्या राहतात आणि धावायला गोल वाट मोकळी सोडतात. त्या वाटेवर पताकावाले धावतात. डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात. विणेकरी धावतात, मृदंगवाले धावतात. मग दोन घोडे सुटतात. एकावर स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणीच नसते. त्यावर माउली बसली आहे, असा वारकऱ्यांचा भाव आहे. घोडा पुढे गेला की त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात.

इतके लोक धावले, पण पहिला कोण आला हे कोणी विचारीत नाही. शर्यत आणि रिंगण यांत फरक आहे तो हाच.

रिंगण संपले की खेळ सुरू होतात. टाळांच्या ठेक्यावर उड्या, फुगड्या, मनोरे, हुतुतू. फुगडी नीट बघा. दोघे हातांची अढी घालतात, पाय जुळवतात आणि अंग मागे झोकून देतात. एकाने हात सोडला तर दोघेही पडतात. मग समोरचा मालक आहे की सालगडी, कोणत्या जातीचा आहे, हे विचारून कसे चालेल? त्याचा हात घट्ट धरावाच लागतो. फुगडी थांबली की दोघे एकमेकांच्या पाया पडतात. वारीहून घरी गेल्यावर हे किती जण पाळतात, असे तुम्ही विचाराल. थोडेच पाळतात, हे खरे आहे. पण ज्याने एकदा असा हात धरला, त्याला नंतर तोच हात झिडकारताना थोडी तरी लाज वाटते, असे आम्हाला वाटते.

हुतुतूचे आणखी निराळे. तिथे दम धरावा लागतो. दम तुटला की गडी बाद. त्या घटकेला घरचे कर्ज, बांधाचे भांडण, काही डोक्यात राहत नाही. माळ घेऊन जपाला बसलो तर मन दहा वाटांनी पळते. इथे त्याला पळायला फुरसतच नसते. संतांनी हे ओळखले होते. तुकाराम महाराजांच्या गाथेत विटीदांडू, हुतुतू, फुगडी या खेळांवर अभंग आहेत. लोकांना ठाऊक असलेल्या खेळातूनच त्यांनी परमार्थ सांगितला.

तालमीतही देव असतोच. पैलवान आधी मारुतीला हात जोडतो. मग लाल माती अंगाला लावतो. लढण्याआधी जोडीदाराला सलामी देतो. आणि तरीही जत्रेत कुस्ती हरली की गावची इज्जत गेली म्हणून काठ्या निघतात! मग ती सलामी कशासाठी? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत तिसरे आले. त्यांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. पहिला नंबर नव्हता, तरी लोकांनी बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक काढली.

तुकाराम महाराजांच्या पालखीचे रिंगण आपल्या जिल्ह्यात अकलूजला होते. ज्याला जे जवळ पडेल तिकडे त्याने जावे. जागा धरायला लवकर निघावे. आणि कोणी फुगडीला हात पुढे केला, तर गुडघे दुखतात म्हणून मागे सरू नये. फार दुखत असतील तर दोनच फेरे घ्यावेत.