जुन्या फवारणी पंपाची ठिणगी

तूर फुलोऱ्यात आलेली, शेंगा पोखरणारी अळी दिसू लागलेली आणि दोरी ओढून खांदा दुखला तरी पाठीवरचा पेट्रोल पंप सुरू होत नाही, हा अनुभव अनेक शेतकरी बंधूंना असेल. अशा वेळी आपण नवा प्लग आणतो. जुन्या इंजिनात दोष पुष्कळदा प्लगच्या मागे असतो.

आधी ठिणगी पाहावी. प्लग काढून वायरच्या टोपीत बसवावा, त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवून दोरी ओढावी. निळी, कडकडणारी ठिणगी चांगली. पिवळसर-लाल ठिणगी क्षीण समजावी. सांडलेले पेट्रोल आधी पुसावे व प्लग भोकापासून दूर धरावा, नाहीतर वाफ पेट घेते.

वापराने प्लगचे टोक झिजून फट वाढते. मोठी फट ओलांडणे जुन्या मॅग्नेटोला जड जाते. म्हणून फीलर गेजने ती साधारण ०.५ ते ०.६ मि.मी. ठेवावी.

जुन्या नमुन्यांत फ्लायव्हीलखाली सीबी पॉइंट असतात. ते बारीक पॉलिश पेपरने घासून कोरड्या फडक्याने पुसावेत. फट साधारण ०.३५ ते ०.४ मि.मी. असावी. पॉइंट पुन्हा लवकर जळाले तर कंडेन्सर बदलावा, तो स्वस्त असतो. फ्लायव्हील हाताने वरखाली हलत असेल तर मात्र बेअरिंग झिजले आहे. मग फट प्रत्येक फेऱ्यात बदलते आणि कितीही जुळवणी केली तरी ठिणगी टिकत नाही. बेअरिंग बदलूनच घ्यावे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या पंपात पॉइंट नसतात. तेथे कॉइल व फ्लायव्हीलमधील अंतर तपासावे.