मेमरी किती, आणि कुठे?

मंडळी, आज दोन प्रश्न वेगळे करायचे आहेत. ‘मेमरी किती?’ हा एक, आणि ‘मेमरी कुठे?’ हा दुसरा. आपण बहुधा पहिल्यावरच थांबतो.

समजा, एका सर्व्हरमध्ये दोन प्रोसेसर आहेत आणि प्रत्येकाला ६४ जीबी मेमरी थेट जोडलेली आहे. प्रोसेसर आणि त्याची मेमरी मिळून झाला एक नोड. एकूण १२८ जीबी दोघांनाही वापरता येते. पण शेजारच्या नोडमधली मेमरी गाठायला वेळ जास्त लागतो. या रचनेला न्यूमा म्हणतात.

आता यावर ४८ जीबीचं व्हर्च्युअल मशीन चालवायचंय. मुद्दाम सांगितल्याशिवाय आतल्या प्रणालीला हे नोड दिसतच नाहीत. तिच्या लेखी सगळी मेमरी सारखीच! म्हणून जागा बाहेरून नेमायची. लिबव्हर्टमध्ये ते ‘न्यूमाट्यून’ या भागात लिहितात. ‘स्ट्रिक्ट’ म्हणजे नेमलेल्या नोडमधूनच घ्या. ‘प्रिफर्ड’ म्हणजे शक्यतो तिथून, नाहीतर दुसरीकडून. ‘इंटरलीव्ह’ म्हणजे नोडांवर आळीपाळीने वाटा.

स्ट्रिक्ट ऐकायला सुरक्षित वाटतं. पण बघा, आधीच राखून ठेवली नसेल, तर मेमरी सुरुवातीलाच सगळी घेतली जात नाही. जसजशी वापरली जाते, तसतशी मिळते. त्यामुळे मशीन व्यवस्थित सुरू होतं, आणि भार वाढल्यावर नोड भरतो. मग स्वॅप सुरू होतं, आणि शेवटी लिनक्स ते मशीनच बंद पाडू शकतं. शेजारच्या नोडवर भरपूर मेमरी मोकळी असतानासुद्धा! प्रिफर्डमध्ये मशीन जगतं, पण मंदावतं, आणि का ते चटकन कळत नाही. म्हणजे निवड कसली? उघड अपयश की मूक संथपणा, याची. हिशेबाच्या कामाला मंदपणा चालेल. क्षणात उत्तर हवं असेल, तिथे नाही चालणार.

दोन पथ्यं सांगतो. मेमरी एका नोडवर आणि प्रोसेसर दुसऱ्यावर, असं करू नका. दोन्ही एकत्र बांधा. आणि ८० जीबीचं मशीन एका नोडवर मावणारच नाही. तेव्हा आतही ४०-४० जीबीचे दोन नोड दाखवा आणि प्रत्येकाला बाहेरचा एकेक नोड जोडून द्या. मग आतली प्रणाली स्वतःच जवळ-लांब बघून कामं वाटते.

शेवटी ‘न्यूमास्टॅट’ चालवून बघा. नेमलं ते कागदावर. मेमरी खरोखर कुठे बसली, ते तिथे दिसतं.