जगाने पाहिले, हिंगोलीने कधी पाहायचे?

प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. दामले-फत्तेलालांनी तो परदेशी परीक्षकांसाठी काढला नव्हता. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम आणि गौरी यांची रोखठोक जिजाई हे त्याचे भांडवल होते. तिथपासून आजवरचा आढावा घेतला तर मराठी चित्रपट आपल्या मातीतले बारकावे जितक्या नेमकेपणाने टिपतो, तितका तो दूरवर पोचतो, असे दिसते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ मध्ये व्हेनिसच्या ओरिझोंती विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. त्यातला लोकशाहीर आणि त्याच्यावरचा रेंगाळणारा खटला पूर्णपणे इथला आहे. त्याच वर्षी अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ने कोकणातला पाऊस आणि वडील गमावलेला मुलगा दाखवून बर्लिनमध्ये क्रिस्टल बेअर मिळवला. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’मध्ये मुंबईचा तरुण वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो; २०२५ मध्ये त्याला सनडान्सचा जागतिक कथाचित्रपट विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

मग ज्यांचे जगणे पडद्यावर आले, त्यांच्यापर्यंत हे चित्रपट किती पोचतात? सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९ मध्ये रॉटरडॅमला दाखवला गेला. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर आपलाही नवरा तसेच काही करील या धास्तीने बायको त्याच्यावर पाळत ठेवते, अशी ती विदर्भातली गोष्ट. यवतमाळ आणि वाशीमला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव-कळमनुरीच्या कोरडवाहू शिवारात, ही धास्ती कोणाला समजावून सांगावी लागणार नाही. या चित्रपटाचा खरा जाणकार प्रेक्षक इथे आहे. पेरणीनंतर ओढ देणाऱ्या पावसाचे चित्रण खरे उतरले की नाही, हे रॉटरडॅमपेक्षा इथला शेतकरी अधिक अधिकाराने सांगू शकेल.

यावर पहिला आक्षेप असा की परदेशी महोत्सवांना आपले दारिद्र्य आवडते. पण ताम्हाणे यांच्याच ‘द डिसायपल’ला २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळाला, आणि तो ख्यालगायकीची साधना करणाऱ्या तरुणाचा चित्रपट आहे. दुसरा आक्षेप, असे चित्रपट सामान्यांना रुचत नाहीत. ‘संत तुकाराम’ मुंबईत वर्षभराहून अधिक चालला. ‘सैराट’ २०१६ मध्ये बर्लिनला गेला आणि गावोगावची चित्रपटगृहेही त्याने भरली. सगळेच चित्रपट असे चालणार नाहीत हे खरे, पण दाखवण्याआधीच प्रेक्षकाची आवड ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: आता सारे मोबाइलवर मिळते. मिळते, पण काय शोधायचे हे आधी माहीत असावे लागते. शिवाय एकत्र पाहून वाद घालण्याने जी नजर तयार होते, ती एकट्याने पाहून सहसा होत नाही.

मुंबईत १९६८ साली सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळाने हेच काम केले. मराठवाड्यात अजिंठा-वेरूळ महोत्सव छत्रपती संभाजीनगरात भरतो. पण वसमतच्या विद्यार्थ्याला तिथवर दरवर्षी जाणे परवडणारे नाही. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा आणि सेनगाव इथल्या महाविद्यालयांनी व वाचनालयांनी एकत्र येऊन चित्रपट मंडळ सुरू करावे. रीतसर परवानगी घेऊन महिन्याला एक चित्रपट दाखवावा आणि त्यानंतर तासभर चर्चा ठेवावी. सुरुवात ‘गाभ्रीचा पाऊस’पासून व्हावी.