बियाणे राखणारी माणसे

घरातले धान्य संपले आहे. पोरे भुकेली आहेत. कणगीत फक्त बियाणे उरले आहे. अशा वेळी काय करावे? दुष्काळात हा प्रश्न आपल्या वाडवडिलांपुढे कितीदा तरी आला असेल. "बी खाल्लं तर पुढं पेरायचं काय?" असे म्हणून कित्येक घरांनी राखेत घोळलेले बी तसेच जपले.

दूर रशियात एका शहरावरही अशीच वेळ आली होती. तिथे बी राखणारे शेतकरी नव्हते, शास्त्रज्ञ होते. त्यांची हकिकत आम्ही सांगतो.

शहराचे नाव लेनिनग्राड. आता त्याला सेंट पीटर्सबर्ग म्हणतात. तिथे पिकांचा अभ्यास करणारी एक मोठी संस्था होती. निकोलाय वाविलोव हे तिचे प्रमुख. या माणसाने बियाण्यासाठी निम्मे जग पालथे घातले. अफगाणिस्तान, इथिओपिया, दक्षिण अमेरिका, कुठे कुठे ते गेले. शेतकरी जे वाण पेरतात, त्यांचे मूठमूठ बी त्यांनी आणले. गहू, भात, ओट, मका, वाटाणा, बटाटा, असे सुमारे अडीच लाख नमुने संस्थेत जमले.

एवढी बियाणी कशाला, असे तुम्ही विचाराल. गव्हाचे एखादे जुने वाण कमी पिकते. पण त्याच्यावर तांबेरा पडत नाही. दुसरे एखादे कमी पाण्यावर तग धरते. असे गुण चांगल्या वाणात संकर करून आणता येतात. पण मूळ वाणच नाहीसे झाले तर तो गुण कुठून आणणार? तो कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.

1941 साली जर्मनीने रशियावर स्वारी केली. सप्टेंबरात लेनिनग्राडला वेढा पडला. शहरात सुमारे पंचवीस लाख माणसे अडकली. त्या हिवाळ्यात पुष्कळांच्या वाट्याला दिवसाला 125 ग्रॅम पाव येई. म्हणजे लहानशा भाकरीएवढा. त्यातही भेसळ. बाहेर पाणी गोठून दगड होत होते. लाखो माणसे भुकेने आणि थंडीने मेली.

संस्थेत मात्र धान्य होते! पोत्यांतून, डब्यांतून, पाकिटांतून भरलेले. शास्त्रज्ञांनी खोल्यांना कुलपे लावली. बियाण्याच्या खोलीत एकट्याने थांबायचे नाही, असा नियम केला. उंदरांनी तर कहर केला. ते फळीवर चढून डबे खाली ढकलीत. झाकण निघाले की बी फस्त. म्हणून डबे एकमेकांना बांधून ठेवले.

बटाट्याची काळजी सर्वांत मोठी. पाव्लोव्स्क येथल्या शेतातून, तोफा धडधडत असताना, तो काढून आणला होता. बटाटा गोठला की सडतो. म्हणून तळघरात शेकोटी लागे. सरपण नव्हते, तेव्हा खोकी जाळली, सामान जाळले. पहारा करणारे स्वतः उपाशी होते.

भाताचे जाणकार दिमित्री इवानोव भुकेने मेले. त्यांच्या ताब्यात भाताची हजारो पाकिटे जशीच्या तशी होती. भुईमुगाचे अभ्यासक श्चुकीन लिहिण्याच्या टेबलाशीच गेले. ओटाचे बी सांभाळणाऱ्या रोदिना बाईही गेल्या. आणखीही कित्येक गेले.

हे बरोबर होते का? धान्य वाटून माणसे जगवायला नको होती का? आम्हीही यावर विचार केला. ते सारे धान्य शहराला एक दिवससुद्धा पुरले नसते. पण संस्थेतली मूठभर माणसे त्यावर नक्की जगली असती. आणि हे त्यांना पुरते ठाऊक होते.

वाविलोव स्वतः तेव्हा तिथे नव्हते. त्यांचे शास्त्र सरकारला पटले नाही, म्हणून 1940 सालीच त्यांना पकडले होते. ज्याने जगाच्या भाकरीसाठी बी गोळा केले, तो माणूस 26 जानेवारी 1943 रोजी सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने मेला. सरकारने त्यांच्यावरचा ठपका पुसला तो 1955 साली. पुढे संस्थेला त्यांचे नाव दिले.

बियाणे कायमचे टिकत नाही. काही वर्षांनी पेरून नवे करावे लागते. बटाटा तर दर साली लावावा लागतो. 1942 चा वसंत आला. वेढा अजून उठला नव्हता, तो उठायला जानेवारी 1944 उजाडले. पण उरलेल्या अशक्त माणसांनी तळघरातले बटाटे बाहेर काढले आणि शहराच्या कडेच्या शेतांत लावले.